घड्याळ कोणाचे खरे? : रेडिओच्या टोल्याचे शेतीतले उपयोग



आपली उसाची गाडी काट्यावर चढते तेव्हा आपले सगळे लक्ष काट्याकडे असते. काटा बरोबर आहे ना, शून्यावर आहे ना, हे आपण आधी पाहतो. त्या काट्याची तपासणी वजनमापे खाते करते, त्यावर शिक्का मारते आणि त्याची मुदतही ठरलेली असते. दुकानातले किलोचे माप, दुधाचे लिटरचे माप, कापड दुकानातली मीटरपट्टी, या सगळ्यांना शिक्का लागतो. माप खोटे असेल तर घेणाराचे नुकसान होते, हे शेतकऱ्याला कोणी वेगळे सांगायला नको.

पण आणखी एक माप आपण रोज वापरतो आणि त्यावर कोणाचाच शिक्का नसतो. ते माप म्हणजे तास आणि मिनिट. विहिरीचे पाणी आपण तासाने वाटून घेतो. ट्रॅक्टरचे भाडे तासाने देतो. शेतीची लाईन तासाने येते आणि तासाने जाते. मजुराची वेळ, कारखान्याची पाळी, तोडणीची आणि वजनाची नोंद, सगळे घड्याळावर चालते. तरी ते घड्याळ बरोबर आहे की नाही, हे तपासायची आपल्याला सवय नाही.

एके काळी ही तपासणी घरोघरी, फुकट आणि दिवसातून अनेक वेळा होत असे. बातम्या लागण्यापूर्वी आकाशवाणीवर पिप-पिप असे आखूड टोले पडत आणि शेवटी एक लांब टोला येई. घरातला वडीलधारा माणूस चावीचे घड्याळ कानाशी धरून तो टोला येईपर्यंत थांबे आणि मग काटा सरकवी. "माह्या घडीत रेडिओ टाइम हाय," असे कोणी म्हटले की पुढे वाद राहत नसे. त्या टोल्याचे उपयोग कोणते होते, आज ते काम कशाने करावे आणि त्यात आपले किती नुकसान वाचते, याचा हिशेब या लेखात मांडला आहे.

कागदावर आणे, वावरात तास

आपल्या मुकुटबन भागात, झरी-जामणी तालुक्यात, मुख्य पीक कापूस. ज्याच्याकडे ओलिताची सोय, त्याचाच ऊस. ही सोय पुष्कळ ठिकाणी सामाईक विहिरीची असते. वडिलांनी विहीर खोदली, पुढे भावांत वाटणी झाली. वाटणीपत्रात पाण्याचा हिस्सा कोणाला आठ आणे, कोणाला चार आणे असा लिहिलेला असतो. पण पाणी काही आण्यांत वाहत नाही. प्रत्यक्ष वावरात त्या आण्यांचे तास होतात, आणि तास आले की घड्याळ आले. मग धुऱ्यावर उभे राहून असे बोलणे होते :

"दादा, बारा वाजले. आता पाणी माह्याकडं सोडा."

"अजून दहा मिनिटं कमी हायेत ना बाबू. हे पाय माही घडी."

"अन् हे माही पाय!"

दोघेही आपल्या परीने खरेच बोलत असतात. फरक दोन घड्याळांत असतो आणि मनात मात्र राहतो भावाविषयीचा संशय.

आता या दहा मिनिटांचा हिशेब करू. पंपाच्या तोंडाशी २०० लिटरचा ड्रम ठेवला आणि तो २० सेकंदांत भरला, तर पंप सेकंदाला १० लिटर पाणी देतो. म्हणजे मिनिटाला ६०० लिटर आणि दहा मिनिटांत ६,००० लिटर. एक एकरावर हे पाणी सारखे पसरले तर दीड मिलिमीटर थर होतो. एवढ्याने काय बिघडते, असे कोणालाही वाटेल.

पण चूक दर पाळीला एकाच बाजूला पडत राहिली, तर ३० पाळ्यांत १,८०,००० लिटर पाणी इकडचे तिकडे होते. एकरी हा थर सुमारे ४५ मिलिमीटरचा झाला. उसाच्या एका ओलिताला ७५ ते ८० मिलिमीटर पाणी धरले, तर अर्ध्याहून जास्त ओलीत एका भावाच्या वावरातून दुसऱ्याच्या वावरात गेले. ते कोणी चोरले नाही आणि कोणाला कळलेही नाही. मे महिन्यात उसाचे शेंडे वाळू लागतात तेव्हा तेच अर्धे ओलीत आठवते.

आपल्या पंपाचा आकडा वेगळा असेल. प्रत्येकाने ड्रम आणि सेकंदकाटा घेऊन एकदा मोजून पाहावे. ओलिताचा कोणताही हिशेब तिथूनच सुरू होतो.

घड्याळ चुकते कसे

चावीचे घड्याळ दिवसाला २० सेकंद मागे पडले तर ते बिघडले असे कोणी म्हणत नाही. पण महिन्याच्या ३० दिवसांत तेच घड्याळ १० मिनिटे मागे जाते. सेलवरचे क्वार्ट्झ घड्याळ पुष्कळ बरे असते आणि चांगले असेल तर महिन्याला साधारण १५ सेकंदांच्या आत राहते. पण सेल उतरू लागला, धूळ शिरली किंवा घड्याळ रोज उन्हात टांगलेले राहिले की त्याचाही भरवसा नाही.

मोटारीच्या पेटीत बसवलेल्या टायमरकडे विशेष लक्ष द्यावे. ज्या टायमरला आत स्वतःचा सेल नसतो, तो लाईन गेली की थांबतो. लाईन दोन तास गेली तर तो दोन तास मागे पडतो, आणि दुसऱ्या दिवसापासून मोटार ठरल्या वेळेपेक्षा दोन तास उशिरा चालू होते. शेतकरी म्हणतो, "टायमर खराब हाय." खरे पाहता त्याची वेळ पुन्हा लावायची राहिलेली असते.

विजेच्या प्रवाहावर चालणाऱ्या जुन्या भिंतीवरच्या घड्याळांची गंमत वेगळीच होती. ती विजेच्या सेकंदाला ५० आवर्तनांवर चालत. ही आवर्तने ५० ऐवजी ४९ झाली की घड्याळ तासाला ७२ सेकंद मागे पडे. विजेचा तुटवडा असला की आवर्तने घसरत आणि त्याबरोबर घड्याळही घसरे. म्हणून अशा घड्याळांनाही रेडिओचा टोला लागत असे.

टोला कोठून येतो

सगळ्या देशाने एकच वेळ पाळावी, ही गोष्ट फार जुनी नाही. पूर्वी प्रत्येक गावाची वेळ त्या गावाच्या सूर्यावर ठरे. घंगाळात तांब्याचे घटिपात्र सोडून घटका मोजत. एक घटका म्हणजे २४ मिनिटे आणि दिवसरात्र मिळून ६० घटका. आगगाडी आली तेव्हा प्रत्येक स्टेशनाची वेगळी वेळ चालेना, म्हणून रेल्वेने मद्रासची वेळ धरली.

१ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली. ती ८२.५ अंश पूर्व रेखांशावर धरली आहे. ही रेघ उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाते. ग्रीनिचच्या पुढे साडेपाच तास, ते यामुळेच. मुंबईकरांना ही वेळ पटली नाही. मुंबईची आपली वेळ प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे होती. नवी वेळ लावली म्हणजे मजुराला रोज ३९ मिनिटे आधी उठून कामावर यावे लागणार, म्हणून गिरणी कामगारांनीही विरोध केला. मुंबईत दोन वेळा पन्नास वर्षे शेजारी-शेजारी नांदल्या. १९५५ साली मुंबईची वेळ संपली. कलकत्त्याने आपली वेळ १९४८ सालीच सोडली होती. मध्यंतरी दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५ या काळात, सगळ्या देशाची घड्याळे एक तास पुढे केली होती.

वेळ एक ठरली, तरी ती गावोगाव पोचवायची कशी हा प्रश्न उरतो. मुंबईच्या बंदरात ठरल्या क्षणी खांबावरून एक मोठा गोळा खाली पाडत, तो पाहून जहाजांवरची घड्याळे मिळवत. तो गोळा जेवढ्या अंतरावरून दिसे तेवढ्याच लोकांना त्याचा उपयोग. रेडिओ आला आणि अंतराची अडचण गेली. १९१० साली पॅरिसच्या आयफेल मनोऱ्यावरून वेळेचे संदेश सुटू लागले. ५ फेब्रुवारी १९२४ पासून लंडनच्या बीबीसीने ग्रीनिच वेधशाळेच्या घड्याळावरचे सहा टोले द्यायला सुरुवात केली. आपल्या आकाशवाणीचे टोले त्याच धर्तीचे.

आपल्याकडे देशाची वेळ राखण्याचे काम नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा करते. तिथे आता अणुघड्याळे आहेत. १९५९ पासून या प्रयोगशाळेने केवळ वेळेसाठी म्हणून एक रेडिओ केंद्र चालवले. त्याचे नाव एटीए. १० मेगाहर्ट्झ या लघुलहरीवर ते लागे. गाणे नाही, बातमी नाही, फक्त वेळेचे टोले. प्रयोगशाळा, सर्वेक्षण खाते, जहाजे यांचा त्यावर भर असे. हे प्रक्षेपण पुढे बंद झाले.

खेड्यातल्या माणसाला मात्र नेहमीच्या केंद्रावरचा टोला पुरेसा होता. नागपूर केंद्र १९४८ साली सुरू झाले. रेडिओची लहर सेकंदाला तीन लाख किलोमीटर जाते, तेव्हा नागपूरहून मुकुटबनला टोला पोचायला एका सेकंदाचा हजारावा भागही लागत नाही. आपल्या भागात आणखी एक सोय होती. पैनगंगेपलीकडच्या आदिलाबाद केंद्राची तेलुगू बातमी लागली, तरी तिच्या आधीचा टोला कोणालाही समजे. मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी बोलणाऱ्या सगळ्यांची घड्याळे एकाच आवाजावर लागत.

घड्याळ मिळवायची खरी रीत

पुष्कळांना वाटे की पहिला टोला पडला की वेळ झाली. तसे नाही. आखूड टोले हे सावध करण्यासाठी असतात. शेवटचा लांब टोला ज्या क्षणी सुरू होतो, तो खरा क्षण. घड्याळाची चावी ओढून काटे थांबवावेत, मिनिटकाटा आणि सेकंदकाटा १२ वर ठेवावा आणि लांब टोला सुरू होताच चावी आत दाबावी.

दुसरी रीत जहाजावरच्या लोकांची आहे आणि ती आपण घेण्यासारखी आहे. जहाजावर समुद्रातली जागा ठरवायची तर घड्याळ फार नेमके लागे. पण म्हणून ते लोक रोज काटे फिरवत नसत. घड्याळाला हात न लावता ते रोज किती पुढे किंवा मागे जाते, एवढेच वहीत लिहून ठेवत. समजा आज टोल्याला आपले घड्याळ १ मिनिट पुढे आहे आणि दहा दिवसांनी ३ मिनिटे पुढे आहे. दहा दिवसांत दोन मिनिटे, म्हणजे दिवसाला १२ सेकंद पुढे. आता महिनाभर टोला ऐकायला मिळाला नाही, तरी हिशेबाने खरी वेळ काढता येते. घड्याळ थोडे पुढे किंवा मागे असले तरी चालते. ते रोज सारखेच पुढे किंवा मागे जायला हवे.

कारखान्यात मिनिटाची किंमत

सभासदांपैकी किती जणांनी हा हिशेब केला असेल कोण जाणे. साखर कारखान्याची गाळपक्षमता दिवसाच्या २२ तासांवर धरतात. सहकारातल्या पुष्कळ कारखान्यांची सुरुवात रोजी १,२५० टनांच्या यंत्रसामग्रीवर झाली. १,२५० ला २२ ने भागले तर तासाला सुमारे ५७ टन येतात. म्हणजे मिनिटाला जवळजवळ एक टन ऊस. २,५०० टनांच्या कारखान्यात हेच मिनिट दोन टनांचे होते.

म्हणून चार, बारा आणि आठच्या पाळीचा भोंगा वेळेवर होण्याला अर्थ आहे. एका पाळीचा माणूस गेला आणि दुसऱ्या पाळीचा आपल्या घड्याळाप्रमाणे दहा मिनिटांनी आला, तर मधल्या वेळेत गव्हाणीवर काय होते ते गाडीवान जाणतात. गावातले लोक भोंग्यावर घड्याळ लावतात, पण भोंगा वाजवणाऱ्याने आपले घड्याळ कशावर लावायचे? त्या काळी याचे उत्तर रेडिओ हे होते.

उसाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. ऊस तुटला की त्याचे वजन घटू लागते आणि साखरही उतरू लागते. उन्हाळ्यात ही घट जास्त. म्हणून तोडल्यापासून २४ तासांच्या आत ऊस गाळावा असे सांगतात. आता तोडणीची वेळ वावरातल्या एका घड्याळावर, गाडी भरल्याची दुसऱ्यावर आणि वजनाची वेळ काट्यावरच्या तिसऱ्या घड्याळावर लिहिली, तर ऊस नेमका कोठे ताटकळला हे कधीच कळणार नाही. शेतकरी कारखान्याला दोष देईल, कारखाना वाहतूकदाराला आणि वाहतूकदार तोडणी टोळीला. तिन्ही नोंदी एकाच वेळेवर असतील, तर चिठ्ठ्या शेजारी ठेवून कोणालाही पाहता येईल. ज्याचा ऊस वाळतो त्या सभासदाच्या हातात मग काहीतरी पुरावा असतो.

सूर्याची वेळ आणि घड्याळाची वेळ

मुकुटबन ७९ रेखांशाच्या किंचित पश्चिमेला आहे, म्हणजे मिर्झापूरच्या रेघेपासून साडेतीन अंशांहून थोडे जास्त. एक अंशाला चार मिनिटे, या हिशेबाने आपल्याकडे सूर्य डोक्यावर येतो तो सरासरी १२ वाजून १५ मिनिटांच्या सुमारास. वर्षभर हा क्षण मागेपुढे होतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो १२ ला दोनेक मिनिटे कमी असताना येतो, तर फेब्रुवारीच्या मध्यावर १२ वाजून २९ मिनिटांच्या आसपास.

याचा उपयोग वावरात होतो. २५ डिसेंबरच्या सुमारास हा क्षण जवळजवळ १२ वाजून १५ मिनिटांनाच येतो. त्या दिवशी सपाट जागी ओळंब्याने सरळ काठी उभी करावी. घड्याळ आधी नीट मिळवून घ्यावे. बरोबर १२:१५ ला काठीची सावली जिथे पडेल तिथे रेघ मारावी. ही रेघ दक्षिणोत्तर. होकायंत्र जवळपासच्या लोखंडाने बिघडते, पण सावलीला लोखंडाची बाधा नाही. सऱ्यांची दिशा धरायला, सौर पंपाच्या तावदानाचे तोंड दक्षिणेला करायला ही रेघ उपयोगी पडते. घड्याळ दहा मिनिटे चुकले तर रेघ सुमारे ३ अंश फिरते आणि १०० मीटर लांब सरीच्या टोकाला पाच मीटरचा फरक पडतो. सौर तावदानाला एवढा फरक चालून जातो, सऱ्यांच्या आखणीला चालत नाही. जूनमध्ये हा प्रयोग करू नये. तेव्हा आपल्याकडे सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि सावली पायाशीच राहते.

दुसरी एक मजेची गोष्ट. घराघरांत टांगलेल्या कॅलेंडरांत बहुधा मुंबईचा सूर्योदय छापलेला असतो. मुंबई आपल्या पश्चिमेला सुमारे सहा अंश आहे. सहा चोक चोवीस. म्हणजे आपल्याकडे सूर्य मुंबईच्या आधी साधारण २४ मिनिटे उगवतो, बरोबर एक घटका! पहाटे तोडणीला जाणाऱ्या टोळीने किंवा सूर्योदयापासून घटका मोजणाऱ्यांनी ही एक घटका लक्षात ठेवावी.

पावसाची वही आणि भूकंपाचे यंत्र

पाऊस मोजण्याची वेळ हवामान खात्याने ठरवलेली आहे, ती म्हणजे सकाळी ८:३०. काल सकाळी ८:३० पासून आज सकाळी ८:३० पर्यंत पडलेला पाऊस आजच्या तारखेला लिहितात. कोणी सभासद घरी पर्जन्यमापक ठेवून वही लिहीत असेल, तर त्याने हीच वेळ पाळावी. एक दिवस सातला, दुसऱ्या दिवशी दहाला मोजले तर आपली वही तालुक्याच्या आकड्याशी कधीच जुळणार नाही. पीक विम्याच्या आणि नुकसानीच्या बोलण्यात न जुळणाऱ्या वहीला कोणी किंमत देत नाही.

वेळ किती नेमकी लागू शकते, याचे एक गंभीर उदाहरण सांगतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३:५६ ला किल्लारीचा भूकंप झाला, तो आपल्या सर्वांच्या आठवणीत आहे. भूकंपाचे केंद्र कोठे आहे हे काढताना निरनिराळ्या ठिकाणच्या यंत्रांवर धक्का किती वाजता पोचला, हे ताडून पाहतात. धक्क्याची पहिली लाट जमिनीतून सेकंदाला साधारण सहा किलोमीटर धावते. म्हणजे एका ठिकाणचे घड्याळ एक सेकंद चुकीचे असेल, तर हिशेब सहा किलोमीटरने चुकतो. जगभरच्या भूकंपमापन केंद्रांत म्हणूनच वर्षानुवर्षे यंत्राच्या कागदावरच रेडिओचे टोले उमटवून घेत.

आज काय करावे

आज पुष्कळ घरांतून रेडिओ गेला. आकाशवाणीची मध्यमलहरींवरची बरीच प्रक्षेपणे बंद झाली. पण खिशात मोबाईल आला. "मंग आता घड्याळ मिळवाची गरजच काय?" असे तरुण सभासद विचारतील. त्याचे उत्तर असे की मोबाईलची वेळ नेटवर्कवरून आपोआप येते तेव्हा ती चांगली असते. पण कित्येकांनी ती स्वतः हाताने लावलेली असते, आणि मग तोही एक साधे घड्याळच होतो. फोनच्या सेटिंगमध्ये आपोआप वेळ घेण्याची सोय चालू आहे का, हे एकदा पाहून घ्यावे.

एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. मोबाईलच्या अॅपवर किंवा डिशवर आकाशवाणी ऐकत असाल, तर तो टोला घड्याळ लावायला घेऊ नका. त्या मार्गाने आवाज कित्येक सेकंद उशिरा पोचतो. नेहमीच्या ट्रान्झिस्टरवर, साध्या प्रक्षेपणातला टोलाच कामाचा. पाण्याच्या पाळीला सेकंदांनी फरक पडत नाही हे खरे, पण रीत माहीत असावी.

सरकारनेही या मापाकडे लक्ष दिले आहे. जानेवारी २०२५ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने भारतीय प्रमाणवेळेच्या नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला. कायदा, व्यापार आणि सरकारी कामकाजात भारतीय प्रमाणवेळच वापरावी, असा त्याचा आशय आहे. दिल्लीची वेळ अहमदाबाद, बेंगळुरू, भुवनेश्वर, फरिदाबाद आणि गुवाहाटी येथील पाच प्रयोगशाळांपर्यंत नेऊन तिथून देशभर देण्याची योजनाही आहे. लक्षात घ्या, हा मसुदा वजनमापांच्या कायद्याखालचा आहे. म्हणजे काट्याच्या शिक्क्यामागे जो कायदा, त्याच कायद्याने तासालाही माप मानले.

तो शिक्का आपल्या विहिरीपर्यंत यायला वेळ लागेल. तोवर सामाईक विहिरीच्या आणि उपसा योजनांच्या सभासदांनी पुढील गोष्टी आपसांत ठरवाव्यात, अशी सूचना आहे :

१) पाळी बदलण्यासाठी एकच घड्याळ मान्य करावे आणि ते पंपघरात, सावलीत टांगावे. कोणा एकाचे मनगटी घड्याळ धरू नये.

२) दर महिन्याच्या पहिल्या तारखेला दोन हिस्सेदारांनी मिळून ते घड्याळ रेडिओच्या टोल्यावर किंवा आपोआप वेळ घेणाऱ्या मोबाईलवर तपासावे. किती पुढे-मागे निघाले ते वहीत लिहावे.

३) लाईन मध्येच गेली तर गेल्याची आणि आल्याची वेळ त्याच घड्याळावर लिहावी. गेलेला वेळ कोणाच्या पाळीत धरायचा हे हंगामाच्या आधीच ठरवावे. पाणी तोडल्यावर ठरवायला बसू नये.

४) टायमर असेल तर लाईन येताच त्याची वेळ पाहावी.

५) तोडणीची चिठ्ठी लिहिताना तारखेबरोबर वेळही लिहून घ्यावी.

यात खर्च काहीच नाही. एक वही, एक पेन्सिल आणि भिंतीवरचे एक घड्याळ. वही दोन्ही भावांच्या सहीने चालू राहिली, तर पुढे वाद निघाला तरी तो दहा मिनिटांपुरता राहील आणि वही उघडून तिथल्या तिथे मिटेल.